लाइट येऊ द्या, घर जुळू द्या

माझ्या हातून आजवर किती पत्रकं लिहिली गेली, मला सांगता येणार नाही. दारूच्या दुकानावर, एसटीच्या पासवर, कालव्याच्या पाण्यावर, कॉलेजात मुलींसाठी संडास नाही त्यावर. त्या सगळ्यांत मी दुसऱ्यांचे गुन्हे लिहिले. नावानिशी लिहिले. जाहीर निषेध, जाहीर सवाल — आमच्याकडं सगळं जाहीरच असतं. आज लिहितेय ते मात्र कधी जाहीर झालेलं नाही. आईला ठाऊक नाही. संघटनेत कुणाला ठाऊक नाही. जिला ठाऊक आहे तिनं तोंडातून शब्द काढलेला नाही — आणि तेच मला जास्त टोचतं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून भांडले असते. भांडायला मला येतं.

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या तीन मुली आल्या. जुनी एक मालिका पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांना पत्रक काढायचंय. ‘ताई, मागं तुम्हीच आणली होती ना परत? तुम्हीच लिहून द्या.’ मी त्यांना चहा दिला आणि वेळ नाही म्हणून सांगितलं. वेळ होता. वेळेचा प्रश्नच नव्हता. त्या गेल्यावर मी बराच वेळ कपबशा हातात धरून उभी राहिले, आणि मग हे लिहायला बसले.

तर गोष्ट एका टीव्हीवरच्या मालिकेपासून सुरू होते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

‘सुमनची गिरणी’ आठवड्यातून एकदा संध्याकाळी लागायची. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. पाटसला आमच्या गल्लीत केबल आली होती, पण खेड्यापाड्यांत अजून पत्र्यावरच्या अँटेनाच होत्या. सुमन नवऱ्याचं घर सोडून आजोळी येते आणि बंद पडलेली पिठाची गिरणी चालवायला घेते — एवढीच कथा. पण आमच्या भागात गिरणी चालवणारी बाई कुणी पाहिली होती? बायांनी दळण न्यायचं आणि गिरणीवाल्यानं दळायचं, ही रीत. इथं बाईच पट्टा चढवतेय, बाईच छिन्नीनं दगडाला टाकी लावतेय, बाईच गडीमाणसांना सांगतेय, ‘नंबरानं या.’ माझ्या आईनं त्या दिवसापुरता स्वयंपाक अलीकडं ओढला होता. तिनं आयुष्यात दुसऱ्या कशासाठी स्वयंपाकाची वेळ बदललेली मला आठवत नाही.

शेवटच्या भागात सुमनचा नवरा येतो. डोक्यावर गव्हाचा डबा. मुकाट्यानं रांगेत उभा राहतो. पुढच्यांची दळणं होत जातात, रांग सरकते, आणि त्याचा नंबर येतो. तो डबा पुढं सारतो. सुमन त्याच्याकडं बघते. तिचा हात उठतो — डब्याकडं जातो की बटणाकडं, हे कळायच्या आत लाइट जाते. पडदा काळा. पट्टा हळूहळू थांबत गेल्याचा आवाज. संपलं.

आमच्या गल्लीत लोक घराबाहेर आले. खरीच लाइट गेली असं वाटलं त्यांना. दोघंतिघं डीपीकडं बघायला निघालेसुद्धा. समोरच्या काकांनी टीव्हीच्या पाठीत दोन धपाटे घातले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की डोक्यावरचा बल्ब चालूच आहे.

पुढं उसाच्या सगळ्या सीझनभर तोच विषय. वडील साखर कारखान्यात होते. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर लागायची, आणि त्या रांगेत दोन पार्ट्या पडल्या होत्या. एक पार्टी म्हणे, दळून द्यायचं, एवढा रांगंत उभा ऱ्हायला गडी. दुसरी म्हणे, डबा परत. ‘आरं, पर गव्हात खडं किती हायेत ते तर बघा आदी!’ आणि एका म्हाताऱ्यानं निकाल दिला होता तो वडील घरी येऊन हसत हसत सांगायचे — ‘भांडताय कशाला? आपली दिवसाची लाइट मंगळवारी आसती. तिची बी मंगळवारीच येनार. तवा बघू.’

सगळे वाट बघत होते. दुसरा भाग येणार, आलाच पाहिजे, असं कसं अंधारात सोडतील! आणि मी? मी नुसती वाट बघणाऱ्यांतली नव्हते. मी चिडले होते. बाईची गोष्ट आली की ऐन निर्णयाच्या वेळी लाइट घालवायची, ही कुठली पद्धत? मी दौंडला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, संघटनेत पत्रकं लिहायचं काम माझ्याकडं होतं, आणि राग आला की कागद ओढायचा, एवढंच मला येत होतं. पहिल्या पत्रकात मी दोन मागण्या लिहिल्या. दुसरा भाग सुरू करा. आणि सुमननं डबा परत दिलाच पाहिजे. खाली — टीव्हीवाल्यांना पोस्टकार्डं पाठवा.

ते पत्रक घेऊन मी खुटबावला गेले, तात्यांच्या घरी. तात्या म्हणजे माझे चुलते. त्यांची थोरली मुलगी नंदाताई तेव्हा माहेरी आलेली होती. लहानपणी तिनं मला सायकल शिकवली होती. कॅरिअर धरून मागं पळायची, आणि सोडलं तरी ‘धरलंय, धरलंय’ म्हणायची. तिला शिक्रापूरला दिली होती. दाजी तिथल्या एका कंपनीत कामाला, मूळचे शिरूरकडचे, शिक्रापुरात हायवेच्या मागं भाड्याची खोली. आता ती पिंकीला कडेवर घेऊन आली होती आणि जायचं नाव घेत नव्हती. घरात सगळ्यांना इतकंच माहीत होतं की काहीतरी भांडण झालंय.

आम्ही दोघी ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होतो. मी तिला पत्रक वाचून दाखवलं — मोठ्यानं, सभेत वाचतात तसं. मला वाटलं, खूश होईल. ती जुडीला सुतळी गुंडाळत राहिली. मग म्हणाली, ‘नगं गं दुसरा भाग.’

‘का?’

‘आंधार हाय तवर ती गिरणीत तरी हाय.’

मी हसले. तुला आंदोलन कळत नाही, असं काहीतरी बोलले. तिनं पुढची जुडी उचलली आणि खाली बघतच तिनं मला ते सांगितलं. दाजी दुसऱ्या पाळीला जाताना बाहेरून कुलूप लावतात. आजूबाजूला परप्रांतातली पोरं राहतात, म्हणून — असं ते सांगतात. दुपारी लागलेलं कुलूप ते परत आल्यावर निघणार. पिंकी तापानं फणफणली तेव्हाही कुलूप होतं. माठ संपला की खिडकीच्या गजांतून हात काढून शेजारच्या भाभीला हाक मारायची. ‘वैशू, मला हिंदीतलं पैलं वाक्य कुठलं आलं ठाव हाय का? भाभी, पानी दो.’ हे बोलताना ती हसली. मग म्हणाली, ‘तात्यांना बोलू नगंस. बादलीचं सांगावं लागल.’ बादली कशाची, ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. दुपारपासून कोंडलेल्या बाईला बादली कशाला लागते, हे समजायला शिक्षण लागत नाही.

मी तिला काय म्हणाले असेन? ‘तू परत जायचंच नाही, मी आहे.’ असं म्हणाले मी. मी आहे. मेथीचा वास होता हाताला. सगळं आठवतं.

पोस्टकार्डं मात्र येईनात. म्हणजे जाईनात. बाया पत्रक घ्यायच्या, घडी करून पोलक्यात ठेवायच्या, आणि ‘घरी इचारून लिव्हते’ म्हणायच्या. घरी विचारल्यावर काय होणार ते दिसतच होतं. तेव्हा खुटबावच्या आप्पांनी मला बोलावलं. आप्पा आमच्या भावकीतले वडीलधारे, गावच्या विकास सोसायटीत त्यांचा शब्द चालायचा. चांगल्या मनाचे होते, हे मुद्दाम लिहिते. त्यांनी माझं पत्रक चष्मा लावून पूर्ण वाचलं. तोपर्यंत कुणी गडीमाणसानं माझं पत्रक पूर्ण वाचलेलं मी पाहिलं नव्हतं.

‘पोरी, हात ग्वाड हाय तुझा. पर डबा परत दे म्हनल्यावर कोन कारड टाकंल? लाइट येऊ दे म्हन. घर जुळू दे म्हन. आख्खं गाव लिव्हतंय का न्हाई बघ.’

आता इथं थांबा. इथं मी काय विचार केला, ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं इथून निघालं. मी विचार केला — मालिका तर येऊ दे आधी. एकदा आली की सुमन काय करते ते लिहिणारा ठरवेल, गाव थोडंच ठरवणार आहे? दोन मागण्यांतली एक सोडायची आणि दुसरी पदरात पाडायची, हे तर चळवळीत चालतंच! असा विचार केला मी. आणि त्याच्या खाली आणखी एक होता — आख्खं गाव. आख्खं गाव माझा कागद वाचणार. तो खालचा विचारच खरा होता. तो मी तेव्हाही ओळखला होता.

नवं पत्रक मी आप्पांच्या ओसरीवरच बसून लिहिलं. वर मोठ्या अक्षरात — लाइट येऊ द्या, घर जुळू द्या! खाली मजकूर. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: ‘रांगेत उभा राहिलेला माणूस बदललेला असतो, त्याला दार उघडणे हाच खरा संस्कार.’ मी लिहिलंय हे. मी, जिला शिक्रापूरचं कुलूप माहीत होतं, तिनं.

वणवा लागावा तसं पसरलं. पाटसच्या बाजारात आप्पांनी स्पीकर लावलेली रिक्षा फिरवली. केडगावात, यवतमध्ये, दौंडच्या स्टँडवर लोक कागद मागून न्यायला लागले. उसाच्या रांगेत ट्रॅक्टरवाले सीटखाली गठ्ठा ठेवायचे. शिरूरच्या आठवडी बाजारात तर मी स्वतः गेले, कांद्याच्या ढिगाऱ्यांमधून हिंडत वाटली पत्रकं. पोस्टमननं आप्पांना विचारलं म्हणे, ‘आवं, ही सुमन कुनाची कोन? आख्खा तालुका तिला कारडं टाकतोय!’ मला लोक ओळखायला लागले. गिरणीवाली पोरगी, म्हणायचे. मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आणि मग खुटबावला बैठक बसली.

आमच्याकडं लेक माहेरी राहिली की पाव्हण्यांना बोलावून बैठक घेतात. पुरुष ओसरीवर. बाया आत, उंबऱ्याच्या पलीकडं, दाराआड. जिच्याबद्दल चाललेलं असतं तीही आत. तिला काही विचारायचं असलं तर दाराकडं तोंड करून विचारतात, आणि तिचं उत्तर कुणीतरी म्हातारी बाहेर आणते. दाजी आले होते, त्यांच्या बाजूनं त्यांचे शिरूरचे मामा आले होते. मी काकूला चहाला मदत करायला म्हणून गेले होते. कपांचं ताट घेऊन बाहेर आले, तर आप्पा म्हणाले, ‘बस की वैशाली. हिला खुर्ची द्या रं.’

खुर्ची आली. लोखंडी, घडीची, ग्रामपंचायतीचं नाव पाठीवर रंगवलेलं. त्या ओसरीवर माझ्या आईला, काकूला, आजीला कधी कुणी खुर्ची दिली नव्हती. पोर म्हणून खेळायचं वय सरल्यावर मी स्वतः त्या ओसरीवर पुरुष बसलेले असताना टेकले नव्हते. मी बसले. आत दाराच्या फटीत नंदाताईचं लुगडं दिसत होतं — नाही, साडी, हिरवी, मीच भाऊबीजेला पसंत केलेली. आणि पिंकीचे पाय.

बोलणी चालली होती ती अशी. दाजी खाली मान घालून बसलेले. मामा बोलत होते — पोरगा रांगेला लागलाय, न्यायला आलाय, आणखी काय करावं त्यानं? तात्यांनी विचारलं, ‘पर पोरगी का आली त्ये तर कळू द्या.’ सगळे दाराकडं बघायला लागले. आतून काही आलं नाही. कसं येणार? दहा पुरुषांपुढं, बापापुढं, मामेसासऱ्यांपुढं बादली कशी सांगणार?

मामांनी खिशात हात घातला आणि माझं पत्रक काढलं. शिरूरच्या बाजारात मीच दिलेलं — मी त्यांना ओळखलं नव्हतं, त्यांनी मला ओळखलं होतं. घडी उलगडून, दोन्ही हातांत धरून त्यांनी ते वाचलं. ‘रांगेत उभा राहिलेला माणूस बदललेला असतो...’ सगळं वाचलं. मग म्हणाले, ‘आमी काय वेगळं म्हनतोय का? तुमच्याच घरातली शिकल्याली पोरगी म्हनतीया.’

तेव्हा आतून आवाज आला. म्हातारीच्या तोंडून नाही, तिचा स्वतःचा.

‘वैशूला इचारा.’

इतकंच. सरळ. तिला खात्री होती हो. मी आहे, असं मी म्हणाले होते ना? तिला जे बोलता येत नव्हतं ते बोलायला बाहेर तिचं माणूस बसलेलं होतं — खुर्चीवर बसलेलं होतं!

सगळे माझ्याकडं वळले. तात्या माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की त्यांना कारण हवंय. एक कारण. मी ‘कुलूप’ म्हणाले असते तरी पुरलं असतं. दाजींनी मान वर केली होती. त्यांना कळलं होतं मला माहीत आहे ते. त्यांच्या ओठावर घाम आला होता, मी पाहिला. आणि आप्पा — आप्पा कौतुकानं बघत होते. आता ही कशी बोलते बघा, अशा नजरेनं.

कुणीतरी चहाचा कप बशीत ठेवला, तो आवाज मला अजून ऐकू येतो. मला वाटलं, मी आत्ता कुलूप म्हणाले तर मामा विचारतील, मग हे लिहिलंस कशाला? हसतील. आप्पांची मान खाली जाईल. खुर्ची जाईल. उद्या पाटसच्या बाजारात म्हणतील, घर जुळू द्या म्हणणारीनं स्वतःच्या घरातलं मोडलं.

मी म्हणाले, ‘माझं मत मी लिहिलेलंच आहे.’

तात्यांनी सुस्कारा सोडला. सुटल्याचा. त्यांनाही कारण नसलेलंच बरं होतं बहुतेक, पण ते त्यांचं त्यांनी बघावं. मी माझं सांगतेय. आतली हिरवी साडी दारातून बाजूला झाली. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. जाताना माझ्या गालावरून हात फिरवला, नेहमीसारखा. पिंकीनं टाटा केला.

वर्षभरानं दुसरा भाग आला! हो, आला. आम्ही आणला. पहिल्या दिवशी सुरू होण्याआधी पडद्यावर पाटी — प्रेक्षकांच्या आग्रहाखातर. दौंडला संघटनेच्या पोरांनी फटाके वाजवले. लाइट आली, सुमननं गहू दळला, पिठाचा डबा उचलून नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला, आणि गिरणीला कुलूप लावून त्याच्या मागोमाग निघाली. पुढच्या आठवड्यात ती सासरच्या स्वयंपाकघरात होती. त्याच्या पुढच्याही आठवड्यात तिथंच. उसाच्या रांगेतली दोन्ही पार्ट्यांची माणसं वैतागली. ‘काय बघायचं आता? भाजी निवडती नुसती!’ ‘पैलाच बरा व्हता राव, आंधारातला.’ ज्यांनी कार्डं टाकली तेच म्हणत होते. माझी आई तर बघायचीच बंद झाली. स्वयंपाक पुन्हा पूर्वीच्या वेळेला.

त्याच दिवसांत शिरूरला एका कामाला गेले होते. परत फिरताना पुण्याच्या गाडीत बसले आणि शिक्रापूरला उतरले. का उतरले? नंदाताईची चौकशी करायला, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. खरं कारण लाज आणणारं आहे. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं की, आणलीस बाई लाइट, जिंकलीस. तिचं तोंड बघितलं की माझं मन स्वच्छ होईल, अशी काहीतरी माझी समजूत होती.

हायवे ओलांडून मागच्या बाजूला गेले. ट्रकांची धूळ, पत्र्याच्या खोल्यांची ओळ, दिवेलागण झालेली. तिच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. मोठं, पितळी. आतून टीव्हीचा आवाज येत होता. ओळखीचा — सुमनचा.

खिडकीपाशी गेले. ती टीव्हीसमोर बसली होती, पिंकी मांडीवर. मला बघून उठली. दचकली नाही, रडली नाही. खिडकीपाशी येऊन म्हणाली, ‘बरं झालं आलीस. नळाला पानी आलंय, आन् ती भाभी गेली खोली सोडून. तेवढी बादली भरून दे.’

बादली गजांतून जात नाही. तिनं आतून तांब्या बाहेर दिला. मी नळावर जायची, तांब्या भरायची, गजांतून आत द्यायची, ती बादलीत ओतायची, रिकामा परत. जाऊन येऊन. मध्ये एकदा तांब्या गजाला लागला आणि पाणी तिच्या हातावर सांडलं. ती म्हणाली, ‘दळून दिलं गं तिनं, वैशू.’ टीव्हीकडं मान करून म्हणाली. टोमणा नव्हता. बातमी दिल्यासारखं. पिंकी खिडकीत चढून उभी होती. ‘मावशी, आत ये की.’

पायाशी दगड होता. सांगते म्हणजे सांगतेच — हाताएवढा, काळा, चांगला धारेचा. दारूबंदीच्या मोर्चात गुत्त्याचं कुलूप आम्ही अशाच दगडानं फोडलं होतं आणि पहिला घाव माझा होता, त्याचा फोटो आहे संघटनेच्या भिंतीवर. हायवेवर पोलीस चौकी होती. चालत जाण्याइतकी जवळ. शेजारच्या खोल्यांतून माणसं होती, हाक मारली असती तर आली असती. तिनं ‘फोडू नको’ म्हटलं नव्हतं. ती माझ्या हाताकडं बघत होती.

बादली भरली. मी तांब्या आत दिला, ओढणीला हात पुसले, ‘येते’ म्हणाले आणि स्टँडवर आले. गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी काकू आमच्याकडं आली होती. ‘शिकरापुराला गेलतीस म्हनं. कशी हाय नंदी?’

‘बरी आहे, काकू. टीव्ही बघत होती.’

यातला एक शब्द खोटा नाही. मी लिहिलेल्या सगळ्या पत्रकांत मिळून इतकं सफाईदार खोटं एकही नसेल. काकूनं देवाला हात जोडले.

हे झाल्याला आता बरीच वर्षं झाली. आप्पा गेले. दुसरा भाग मध्येच बंद पडला, कुणी कार्ड टाकलं नाही. बायांच्या सभेत मी अजून बोलते, ‘तोंड उघडा, बायांनो’ असं ओरडून सांगते, टाळ्या पडतात. खुर्ची आता सगळीकडं मिळते, पुढच्या ओळीत. नंदाताई शिक्रापूरलाच आहे. लग्नकार्यात भेटते, माझ्या गालावरून हात फिरवते, पिंकी केवढी झाली ते सांगते. दाजींना अजून दुसरी पाळी असते.

त्या दाराला अजून कुलूप लागतं का, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.